परसात सतत ओल असते, वॉटरक्रेस होईल का?

पाटाकाठची

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर देवरूखजवळच्या एका वाडीत आहे. घरामागे जांभ्याची दरड, आणि मृगाचा पाऊस एकदा मुरला की त्या दरडीतून पाणी पाझरायला लागतं ते थेट माघापर्यंत थांबत नाही. दरडीच्या पायाशी जुना दगडी पाट आहे, त्यातून ते पाणी खाली पोफळींना जातं. पण पाट आणि मागची पडवी यांच्यामधली जी साधारण अर्धा गुंठा जागा आहे ना ती कायम रबरबीत. मिरची लावली, मर लागली. वांगी लावली, मुळं कुजली. टोमॅटोचं तर नावच नको. दोन वर्षं मी तिथे माती टाकतेय, पालापाचोळा टाकतेय, जमीन सगळं गिळते आणि परत तशीच. मग म्हटलं जागेशी किती झगडायचं, पाण्यात येणारंच काहीतरी लावून बघू.

मुलगी पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे, ती म्हणाली आई वॉटरक्रेस लाव, ते पाण्यातच येतं, आमच्याकडे सॅलडला आणि सूपला लागतं आणि महाग पडतं. तिनेच ऑनलाइन बी मागवून दिलं. बी एवढंसं बारीक की चिमटीत धरवत नाही. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाटाच्या कडेला चिखलात टाकलं आणि दोनच दिवसांनी असा पाऊस लागला की बी कुठे गेलं कळलंसुद्धा नाही. अर्धं पाकीट शिल्लक आहे, ते मला वाया घालवायचं नाहीये.

तर विचारायचं असं की कोकणात हे कुणी केलंय का, कधी लावायचं, पाटात डायरेक्ट लावू की कुंडीत, आणि याला मराठीत म्हणतात काय? नेटवर हिंदीत जलकुंभी दाखवतंय आणि सासूबाई म्हणतायत ती अजिबात आणायची नाही, त्यांच्या माहेरचं तळं तिने बुजवून टाकलं होतं.

गच्चीवरचा_पसारा

ताई, आधी सासूबाईंची काळजी मिटवू. जलकुंभी म्हणजे आपली जलपर्णी, जांभळी फुलं, फुगलेले देठ, पवना इंद्रायणीवर दरवर्षी पसरते ती. वॉटरक्रेसचा तिच्याशी काही म्हणजे काही संबंध नाही, हिंदी साइटवाले एकमेकांचं बघून तेच नाव लिहितात. वॉटरक्रेस हे मोहरी-मुळ्याच्या कुळातलं आहे, शास्त्रीय नाव नॅस्टर्शियम ऑफिसिनाले. आपल्या स्वयंपाकघरातला त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे अळीव, तोच अळीव ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात. अळिवाचे कोवळे कोंब कधी चावून बघा, तसाच झणका वॉटरक्रेसला असतो, थोडी मोहरी थोडा मुळ्याचा पाला. मराठीत रूढ असं नाव मी तरी ऐकलं नाही, पण नेपाळीत सिमरायो म्हणतात आणि तिकडे डोंगरात ओढ्याच्या कडेची ही रोजच्या जेवणातली भाजी आहे.

अजून एक गोंधळ सांगून ठेवतो. नर्सरीत नॅस्टर्शियम मागितलं की केशरी-पिवळ्या फुलांचा वेल देतात, तो वेगळा, त्याचं बी वाटाण्याएवढं मोठं असतं. तुमचं बी बारीक आहे म्हणजे योग्य तेच आलंय.

मी पुण्यात गच्चीवर तीन हिवाळे लावतोय. जूनमध्ये तुमचं गेलं त्यात तुमचा दोष नाही, ती वेळच नव्हती. याला थंडी आवडते, दिवसा पंचविशीच्या आत तापमान असेल तर खूश, तिशीच्या वर गेलं की पानं बारीक होतात, दांडे जाड होतात आणि लगेच पांढरी फुलं. फूल आलं की पान कडू. त्यामुळे आपल्याकडे कोजागिरीनंतर पेरायचं आणि होळीच्या आत खाऊन संपवायचं, एवढंच हाती असतं.

पेरणी अशी करतो. पसरट ट्रे, खाली भोकं, त्यात कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत. बी वर नुसतं भुरभुरवायचं, वरून माती टाकायची नाही, उजेड मिळाला पाहिजे. मग हा ट्रे दुसऱ्या बिनभोकाच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि खालच्यात दोन बोटं पाणी. वरून झारीने पाणी अजिबात घालायचं नाही, बी सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. आठवड्याभरात ते दोन आठवड्यांत उगवतं. रोपं तीन-चार इंचांची झाली की मोठ्या टबात हलवायची. टबातलं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, हे मात्र चुकवू नका, पहिल्या वर्षी मी आळस केला आणि पाण्याला वास सुटला, मुळं काळी पडली, आठ दिवसांत सगळं पिवळं. झाड पाण्यातलं असलं तरी साचलेलं पाणी त्याला चालत नाही. आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतात, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार, म्हणून सुद्धा पाणी बदलाच.

टब शक्यतो काळा प्लास्टिकचा नको, उन्हात पाणी तापतं. थर्माकोलचा खोका सगळ्यात बेस्ट, पाणी गार राहतं.

हॅम्पशायरकर

वॉटरक्रेसचं नाव बघून राहवलं नाही, कारण मी राहते तिथून अर्ध्या तासावर ऑल्सफर्ड नावाचं गाव आहे आणि इंग्लंडात वॉटरक्रेस म्हटलं की लोक त्याच गावाचं नाव घेतात. दर मे महिन्यात तिथे वॉटरक्रेसची जत्राच भरते. तिथून जाणाऱ्या रेल्वेला सुद्धा वॉटरक्रेस लाइन म्हणतात. १८६५ ला सुरू झाली, त्या गाडीने हिरव्या जुड्यांच्या टोपल्या लंडनच्या बाजारात जायच्या. १९७३ ला बंद पडली आणि १९७७ पासून जुनी वाफेची गाडी म्हणून परत चालवतात, आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं होतं.

मूळची ही ओढ्याकाठची रानभाजी. शेती म्हणून पद्धतशीर लावायला इथे १८०८ मध्ये केंट परगण्यात सुरुवात झाली असं मानतात, विल्यम ब्रॅडबरी म्हणून एक जण होता. लंडनमधले कामगार सकाळी पावात घालून हीच भाजी खायचे, पावाला पैसे नसले तर नुसतीच.

आता तुमच्या कामाचं. मी ती वाफ्यांची शेती जवळून बघितली आहे. लोकांना वाटतं दलदल असते, तसं अजिबात नाही. खाली बारीक खडी, वर जेमतेम काही इंच पाणी, आणि ते पाणी सतत वाहतं. इथे खडूच्या दगडाचे डोंगर आहेत, पावसाचं पाणी त्यात मुरून खालून झऱ्यासारखं वर येतं, ते बारा महिने दहा-अकरा डिग्रीचं असतं, चुनखडीचं असल्यामुळे किंचित अल्कलाइन असतं. म्हणजे थंड, चुन्याचं, वाहतं आणि वरून कुठलीही घाण न मिसळलेलं. तुमच्याकडे जांभा आहे म्हणजे पाणी आणि माती आंबटाकडे झुकणारी असणार, तेव्हा खडीबरोबर थोडी शिंपल्यांची भरड टाकून बघा, चांगली धुऊन, मीठ निघेपर्यंत.

खरं सांगू का, मीही पहिल्या वर्षी तुमच्यासारखीच फसले होते. आमच्या मागच्या गार्डनमध्ये चिकणमाती, हिवाळाभर पाणी तुंबतं. मला वाटलं ओलं आहे ना, मग येईल. आलं, पण पिवळं, केविलवाणं, आणि गोगलगाईंनी फस्त केलं. ओली जागा वेगळी आणि वाहतं पाणी वेगळं, मुळांना पाण्यातून हवा मिळायला लागते हे तेव्हा समजलं. आता मी स्वयंपाकघराच्या बाहेर उत्तरेच्या बाजूला भांडी घासायच्या दोन टबांत लावते. बी पण टाकत नाही. सुपरमार्केटची जुडी आणते, त्यातले जाड दांडे निवडून ग्लासात पाण्यात ठेवते, आठवड्यात पेरापेरातून पांढरी मुळं फुटतात, मग खडीत खोचते. मुलीच्या हॉटेलात जुडी येत असेल तर तिला चार दांडे आणायला सांगा, बी हरवायची भीतीच नको.

एक मात्र. इथे कुणीही ओढ्याकाठचं रानातलं वॉटरक्रेस तोडून खात नाही, निदान शहाणी माणसं तरी. एक कारण म्हणजे तशाच पाणथळीत हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट नावाची भयंकर विषारी वनस्पती येते. दुसरं कारण मेंढ्या. त्याबद्दल इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी लिहावं, मला नीट सांगता येणार नाही.

गुरांचा_डॉक्टर

मी लिहितो. पशुवैद्यक आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच बरीच वर्षं काढली. ताई, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य वाचलं आणि थांबलो, पाटाच्या कडेला चिखलात टाकलं. तुमच्या पाटाच्या वरच्या अंगाला कुणाचा गोठा आहे का? गुरं पाटात उतरतात का? म्हशी डुंबतात का? हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

कारण असं. गुरांना आणि मेंढ्यांना लिव्हर फ्लूक नावाचा जंत होतो, आम्ही पर्णकृमी म्हणतो, पानासारखा चपटा असतो, यकृतात राहतो. पावसाळी पाणथळ भागातल्या गाई-म्हशींमध्ये भरपूर सापडतो. जनावर खंगतं, दूध कमी होतं, जबड्याखाली पाण्याची सूज येते, जुन्या शेतकऱ्यांना ही सूज बरोबर ओळखता येते. या जंताची अंडी शेणातून पाण्यात जातात. पाण्यात अंडं फुटून आतला जीव बाहेर पडतो आणि एका ठरावीक जातीच्या छोट्या पाणगोगलगाईत शिरतो, लिम्निया म्हणतात तिला, तपकिरी, नखाएवढी, टोकदार शंखाची. गोगलगाईच्या अंगात काही आठवडे वाढून तो परत पाण्यात येतो आणि पाण्यातल्या, काठावरच्या पानांना चिकटून स्वतःभोवती कवच करून बसतो. गुरं ते गवत खातात, जंत परत पोटात, असं चक्र.

माणसाने तसं पान कच्चं खाल्लं तर माणसालाही होतो. जगभरात माणसातल्या या आजाराशी सगळ्यात जास्त नाव जोडलं गेलंय ते वॉटरक्रेसचं, कारण ते पाण्यात वाढतं आणि कच्चं खातात. आपल्याकडे माणसात हा आजार क्वचित दिसतो, आणि त्याचं एक कारण हेही असेल की आपण पाणवनस्पती कच्च्या खातच नाही, शिजवून खातो. तुम्ही आता नवीन पद्धत घरात आणताय म्हणून एवढं लांबण लावतोय.

लोक विचारतात मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये, पोटॅशियम परमँगनेटमध्ये धुतलं तर? नाही. ते कवच पानाला घट्ट चिकटतं, धुण्याची खात्री कुणी देऊ नये. शिजवलं की मरतं, एवढंच खात्रीचं.

म्हणून पाटात लावू नका. कितीही स्वच्छ दिसत असला तरी नको. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या, टब जमिनीपासून उंचावर ठेवा, ताजं शेण किंवा शेणकाला त्यात घालू नका, आणि पाटातली कुठलीही वस्तू, दगड, चिखल, रोप, त्या टबात जाऊ देऊ नका. गोगलगाय दिसली तर त्या टबातलं पुन्हा कच्चं खायचं नाही. आणि पावसात त्या रबरबीत जागेत अनवाणी काम करत असाल तर तेही बंद करा, लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा भाग आहे आपला, गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका.

निळी_बाटली

छोटीशी भर. मेडिकल दुकान आहे माझं. घरात कुणी रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा त्या जातीची गोळी घेत असेल तर ही भाजी अचानक रोज आणि भरपूर सुरू करू नका, यात व्हिटॅमिन के खूप असतं आणि गोळीचं गणित बिघडतं. आधी डॉक्टरांना विचारा. मेथी-पालकाला पण हेच लागू आहे, पण लोकांना ते माहीत असतं, नवीन भाजीचं नसतं.

पाटाकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून मी काल संध्याकाळी मुद्दाम पाटाच्या कडेने वर चढून गेले. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली पण त्या टोकाला कधी गेले नव्हते. वर दोन गोठे आहेत, आणि त्याच्या अलीकडे पाट रुंद होतो तिथे म्हशी बसतात. पाण्यात दगड उचलून बघितले तर तुम्ही म्हणता तशा बारक्या तपकिरी गोगलगाई, एकेका दगडाखाली पाच-सहा. हेच पाणी आमच्या दाराशी येईपर्यंत काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि आम्ही त्यात कोथिंबीर धुवायचो. ते आजपासून बंद केलं, आणि गोठेवाल्या दादांनाही सांगून आले की गुरांना जंताचं औषध डॉक्टरांना दाखवून द्या.

सासूबाई बीपीची गोळी घेतात, रक्त पातळ करायची नाही, तरी विचारून घेईन.

आता ठरवलंय की विहिरीचं पाणी घ्यायचं. मासळी घेऊन येणाऱ्या मामींकडे थर्माकोलचे खोके पडलेले असतात, दोन मागून घेते. पण मग माझी ती ओली जागा तशीच राहिली ना, तिचं काय करू? मुळात प्रश्न तिचाच होता.

कुळागरातली

ताई, मी गोव्यातल्या फोंड्याची, आमचं कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग आहे, माझं अख्खं आयुष्य ओल्या जमिनीत गेलंय म्हणून लिहिते.

थर्माकोलचा खोका घ्याल तर तळापासून दोन इंचांवर एका बाजूला भोक पाडा, जास्तीचं पाणी तिथून आपोआप बाहेर पडेल. उंचावर एक ड्रम ठेवा, रोज सकाळी विहिरीच्या पंपाने भरा, आणि ड्रमला नवीन कोरी सलाईनची नळी लावा, चाकाने धार कमी-जास्त करता येते. दिवसभर थेंब थेंब पडत राहील आणि भोकातून बाहेर जात राहील, म्हणजे त्या हॅम्पशायरच्या ताई म्हणतात तसं वाहतं पाणी झालं. बाहेर पडलेलं पाणी पोफळीच्या आळ्यात सोडा, वाया काही जात नाही. खोका सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी. आम्ही असं पुदिन्यासाठी करतो, वॉटरक्रेस मी केलं नाही, पण मुळांना दोघांनाही तेच लागणार.

आता तुमची जागा. अहो तुम्ही तिच्यावर माती टाकत राहिलात, पाण्याला जायला वाट दिलीत का? दरडीच्या बाजूने आधी एक चर मारा, गुडघाभर खोल, उताराने पाटाला नेऊन सोडा. दरडीतून येणारं पाणी तिथेच पकडलं की अर्धी जागा आपोआप हलकी होईल. त्या अर्ध्या जागेत हातभर उंचीचे वरंबे करा, त्यावर पुढच्या वर्षी भेंडी, पडवळ लावा. उरलेल्या अर्ध्या जागेला ओलीच राहू द्या आणि तिथे तिचीच झाडं लावा. भाजीचं अळू आणि वडीचं अळू, दोन्ही. अळवाला पाय पाण्यात असले तरी चालतात आणि ते आपण कधीच कच्चं खात नाही, तेव्हा डॉक्टर सांगतात तो धोकाही राहत नाही. एका कोपऱ्यात वेखंड लावा, ते मूळचं दलदलीतलंच झाड आहे, लहान मुलांच्या घरात लागतंच. नाळीची भाजी लावा, तिच्या पोकळ दांड्यांचे तुकडे खोचले तरी धरतात, पण तीही शिजवूनच, कच्ची नको. एकच विनंती, नाळीची भाजी पाटात सुटू देऊ नका, ती भराभर पसरते.

ब्राह्मी सुद्धा होईल, पण लोक ती कच्ची चावून खातात किंवा रस काढतात, म्हणून ती त्या जागेत नको, ती पण खोक्यातच.

आणि मोरीचं पाणी कुठे जातं तुमचं? ते अळवाला आणि केळीला द्या, वॉटरक्रेसच्या जवळपास सुद्धा नको.

गच्चीवरचा_पसारा

सलाईनच्या नळीची आयडिया मी चोरतोय. ताई, शिल्लक बी आता फ्रिजमध्ये ठेवा, डबीत, सोबत कोरड्या तांदळाची पुरचुंडी. कोजागिरीला आठवण करतो.

पाटाकाठची

सगळ्यांना नमस्कार, आज संक्रांत झाली आणि म्हटलं आता तरी लिहायलाच हवं, तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत.

कोजागिरीनंतर चार दिवसांनी बी टाकलं. गच्चीवाल्या दादांनी सांगितलं तसं खालून पाणी. नवव्या दिवशी हिरवी धूळ पडल्यासारखं दिसलं, मी चष्मा लावून बघितलं तर उगवलेलं होतं. महिन्याने दोन खोक्यांत रोपं लावली, ड्रम आणि सलाईनची नळी आमच्या ह्यांनी एका दुपारी बसवून दिली. मुलीने दिवाळीला येताना जुडीतले पाच दांडे आणले होते, त्यातले चार जगले आणि बियांच्या रोपांपेक्षा तेच आधी वाढले.

मग माझ्याकडून एक चूक झाली ती इथे लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. पहिल्या खोक्यात मी विकतची खडी धुऊन घातली होती. दुसऱ्याला कमी पडली म्हणून पाटातले गोटे आणले, दोन पाण्यांनी धुतले आणि घातले. डॉक्टरसाहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं की पाटातलं काही नको, पण माझ्या डोक्यात पाणी आणि चिखल एवढंच राहिलं होतं, धुतलेल्या गोट्यांचं काय एवढं असं वाटलं. डिसेंबरच्या मध्यावर पानं सारखी करताना हाताला गोगलगाय लागली. तीच, तपकिरी. मग अजून दोन. इतकी सुंदर वाढ झाली होती त्या खोक्यात की मला रडू आलं. पण तो खोका त्याच दिवशी रिकामा केला, झाडं वाळवून जाळली, गोटे उन्हात टाकलेत ते आता बागेच्या बांधाला वापरेन. डॉक्टरसाहेब, तुम्हाला मेसेज केला होता, तुम्ही लगेच उत्तर दिलंत, त्याचे फार आभार. त्या खोक्यातलं तोवर कुणी कच्चं खाल्लं नव्हतं.

पहिला खोका मात्र छान आहे. मध्ये मावा आला होता, मोहरीवर येतो तोच, हिरवट काळा. औषध मारायचं नव्हतं म्हणून तीन दिवस सकाळी भोक बूच लावून बंद केलं आणि खोका काठोकाठ भरून पानं तासभर पाण्याखाली बुडवून ठेवली, मावा तरंगून वर येतो, तो गाळणीने काढून टाकला. पानांना बारीक भोकं पडतात ती कुठल्यातरी उड्या मारणाऱ्या किड्याची आहेत, ती सोडून दिली.

आतापर्यंत तीन वेळा शेंडे खुडले, वरचे चार-पाच इंच, खालचं ठेवलं की परत फुटतं. सासूबाईंनी मुळ्याच्या पाल्यासारखी भाजी केली, भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. शिजल्यावर तिखटपणा बराच जातो आणि एक वेगळीच चव राहते, त्यांना आवडली. त्या आता त्याला पाण्यातला अळीव म्हणतात आणि वाडीत तेच नाव झालंय. मुलीने बटाटा घालून सूप केलं. कच्चं फक्त एकदाच, घोळाण्यासारखं, कांदा, दाण्याचं कूट, लिंबू, तेही खोका दहा वेळा तपासून.

आणि कुळागरातल्या ताई, चर मारला. दोन माणसं एक दिवस लागली. तुम्ही म्हणालात तसंच झालं, दरडीकडचं पाणी चरात उतरलं आणि पडवीकडची बाजू महिन्याभरात एवढी सुकली की तिथे आता पाय रुतत नाही. वरंब्यावर लाल माठ टाकलाय. ओल्या बाजूला अळू लावलंय, वेखंडाचे दोन कंद शेजारच्या काकूंनी दिले ते धरलेत. लेप्टोचं वाचल्यापासून गमबूट घालूनच उतरते, यांनाही घ्यायला लावले.

आता एक प्रश्न. दुपारी ऊन चटकायला लागलंय आणि दोन झाडांना कळ्या दिसतायत. त्या खुडून टाकू की बियांसाठी ठेवू? पुढच्या वर्षी परत विकत बी घ्यायचं नाहीये.

गच्चीवरचा_पसारा

ताई वाचून फार बरं वाटलं, आणि दुसऱ्या खोक्याचं वाचून वाईटही. पण रिकामा केलात ते योग्यच केलंत.

जी दोन झाडं सगळ्यात जोमदार आहेत त्यांच्या कळ्या ठेवा, बाकीच्यांच्या खुडा, म्हणजे बाकीच्यांची पानं अजून महिनाभर तरी मिळतील. फुलांनंतर मोहरीसारख्या पण छोट्या, किंचित वाकड्या शेंगा येतील. हिरव्या असताना तोडू नका आणि पूर्ण वाळायची वाटही बघू नका, फुटून बी पाण्यात पडतं. पिवळट झाल्या की दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलट्या टांगा. बी आपोआप पिशवीत पडेल. दांडे उन्हाळ्यात जगवायचा प्रयत्न मी दोनदा केला, पुण्याच्या एप्रिलमध्ये नाही जगले. तुमच्याकडे विहिरीच्या कठड्याशी सावली असेल तर चार दांडे ठेवून बघा, तुमच्यामुळे मलाही कळेल.

पाटाकाठची

विहिरीच्या उत्तरेला जांभळाची गर्द सावली आहे आणि तिथे भर वैशाखातही गार असतं. चार दांडे तिथे वेगळ्या घमेल्यात ठेवते, खडी विकतची. शेंगा पिवळ्या व्हायला लागल्या की फोटो टाकते.